चार लाख आणि एक

९ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. मागच्या पत्रात तू विचारलंस, "गाद्यांच्या कंपनीत आहेस म्हणजे नक्की करतोस काय, गाद्या डोक्यावर घेऊन दारोदार फिरतोस का?" म्हणून आज एकदाचं नीट लिहितो.

गाद्या कारखान्यात होतात आणि दुकानात विकल्या जातात. मी यातलं काहीच करत नाही. मी तिसऱ्या मजल्यावर बसून मेल पाठवतो. ज्या कुणी आमच्याकडून कधीकाळी गादी, उशी, अगदी उशीची खोळ जरी घेतली आणि बिल करताना आपला मेलचा पत्ता दिला, तो आमच्या लिस्टमध्ये आला. असे चार लाख लोक आहेत. दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी त्यांना एक मेल लिहितो: नवी गादी आली, जुनी बदलून देतो, दोन उशांवर एक फुकट. माणूस दहा वर्षांत एकदा गादी घेतो, आणि आम्ही आठवड्यातून दोनदा त्याच्या दारात उभे. कंटाळून लोक शिव्या घालतात, त्या वाचायचं कामही माझ्याकडेच आहे.

मेल आधी आपल्या आपल्यात पाठवून बघायची, चित्रं दिसतात का, नाव बरोबर येतं का. मग बटण दाबायचं. एकदा दाबलं की संपलं, परत बोलावता येत नाही. मी लागलो त्याच महिन्यात माझ्या हातून नावाची जागा कोरी राहिली आणि चार लाख लोकांना नुसतं "प्रिय" एवढंच गेलं. खूप जणांनी टिंगल केली. एका बाईंचं उत्तर मात्र आलं, "कोण, मी?" साहेबांनी मला फैलावर घेतलं, पण मला त्या बाईच दिवसभर आठवत राहिल्या.

आता खरी गंमत सांगतो. कोणी मेल उघडली आणि कोणी नाही हे मला इथे दिसतं. नावानिशी दिसतं. तुला मोबाइल घेऊन दिला आणि ती उशी पाठवली तेव्हा तुझं नाव आपोआप लिस्टमध्ये आलं, आणि ताई, तू एकही मेल सोडत नाहीस. गेली की मिनिटाभरात उघडलेली. चार लाखांत अशी भक्त दुसरी नाही. म्हणून मी अधूनमधून तुझ्यासाठी काहीतरी घालून देतो. परवाच्या मेलमध्ये होतं, "खोळ घालताना उशी हनुवटीखाली धरा, दातांत नको." ओळखलंस ना, कोणाचं वाक्य आहे ते? साहेब म्हणाले, हे काय मध्येच. मी म्हटलं, घरगुती वाटतं.

ऑफिसात माझ्या शेजारचा कानाला हेडफोन लावून बसतो, संध्याकाळी डोकं हलवून जातो. घरी आलो की मी असतो आणि फ्रिज असतो. पण मंगळवार-शुक्रवार मजेत जातात. तुझ्या नावापुढे "उघडली" असं आलं की वाटतं, चला, ताई बरी आहे, दुकानात शिलाई मशीनवर बसली आहे, चष्मा कपाळावर आहे.

तुझा,
ठोंब्या

२१ फेब्रुवारी

चि. ठोंब्या,

आशीर्वाद. शेहेचाळीस वर्षांचा झालास तरी चि. च लिहिणार, तक्रार चालणार नाही.

हो, वाचते तुझ्या जाहिराती. छान असतात. उशीचं वाक्य ओळखलं बरं का, आईचंच.

इकडचं सांगायचं तर कान आणखी बसलाय. परवा एक बाई म्हणाल्या, "पँट दोन इंच कमी करा," आणि मी कमरेत कमी केली. त्यांच्या नवऱ्यानं ती घालून दाखवली तेव्हा बिचारा श्वास रोखून उभा होता. फुकटात परत उसवून दिली. आता मी गिऱ्हाइकाला खडूनं कापडावरच खूण करायला लावते. म्हणूनच तुला सांगते, दुकानातल्या जुन्या फोनवर फोन करत जाऊ नकोस. तू तिकडून ओरडतोस, मला नुसतं गरगर ऐकू येतं, आणि ठेवल्यावर उगाच रडू येतं. पत्रच बरं.

एक बातमी आहे. मालकांच्या मुलानं ही इमारत पाडायचं ठरवलंय. खालचं दुकान आणि वरची माझी खोली, दोन्ही जूनअखेर रिकामं करायचं. मुलगा वाईट नाही. समोर खुर्ची ओढून बसला, मला ऐकू यावं म्हणून हळू हळू बोलला, आणि जाताना माझ्याकडून शर्टाचं बटण लावून घेऊन गेला. आता अशा माणसाशी भांडणार तरी कसं.

तेव्हा माझं काय करायचं ते बघायला हवं. माझं एक गिऱ्हाईक आहे, नदीपलीकडच्या वृद्धाश्रमाच्या संचालिका. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे या, एक खोली रिकामी होतेय, मशीनही आणा." मी म्हटलं, बघते, भावाला विचारते. तसं विचारण्यासारखं काही नाही म्हणा.

तुझ्याकडे दोन खोल्या आहेत असं तू मागे लिहिलं होतंस. दुसऱ्या खोलीला खिडकी कुठल्या बाजूला आहे? सहज विचारते. शिवणकामाला उत्तरेचा उजेड चांगला असतो, एवढ्यासाठीच.

तुझी,
ताई

४ मार्च

ताई,

पत्र मिळालं. इमारतीचं वाचून वाईट वाटलं, पण जूनला अवकाश आहे, घाबरून जाऊ नकोस. आपण बघू काहीतरी.

दुसऱ्या खोलीला खिडकी उत्तरेलाच आहे, पण ती उघडत नाही, कारण तिच्यापुढे उशा आहेत. कंपनीनं नमुने ठेवायला जागा नाही म्हणून माझ्या गळ्यात मारल्या. मीही मान डोलावली, एकट्याला कशाला हव्यात दोन खोल्या. आता आत जायचं तर पोहत जावं लागतं.

इकडे सध्या मान वर करायला फुरसत नाही. वर्षातला सगळ्यात मोठा सेल लागतोय. रोज एक मेल. "शेवटचे तीन दिवस", "शेवटचे दोन दिवस", मग "तुमच्या आग्रहास्तव आणखी चार दिवस". आग्रह कोणीही केलेला नसतो. साहेब रोज सकाळी एकच विचारतात, किती टक्क्यांनी उघडली? आकडा बरा असला तर चहा मागवतात, नसला तर विषयाची ओळ कोणी लिहिली ते विचारतात. ओळ मीच लिहिलेली असते, दुसरं आहेच कोण.

तू मात्र सेलच्या सगळ्या मेल उघडल्यास. इतक्या तर मी स्वतः वाचलेल्या नाहीत. साहेब एकदा मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "हे गिऱ्हाईक कोण, इतकं आवडीनं वाचतंय?" मी म्हटलं, आहेत एक जुन्या. माझी बहीण आहे असं का सांगितलं नाही कोण जाणे. सांगितलं असतं तर त्यांनी नाव आकड्यातून वगळलं असतं असं वाटलं.

बाकी सगळं तुला कळतंच. तुझंही मला कळतं.

तुझा,
ठोंब्या

३० मार्च

चि. ठोंब्या,

आशीर्वाद. तुझ्या उशांबद्दल वाचलं. खोली भरून ठेवलीस ते बरं केलंस, रिकाम्या खोलीत आवाज घुमतो.

मी आवराआवर सुरू केली आहे. लोक कपडे टाकून जातात आणि न्यायला येत नाहीत, असं एक कपाट भरलंय. एक कोट तर मी स्वतः अस्तर बदललेला, इतका सुंदर की न्यायला आले नाहीत याचा मलाच अपमान वाटतो. घालून बघितला. खांद्यात मोठा होतो.

आता पाल्हाळ पुरे. मला आडून आडून बोलता येत नाही असं तू म्हणायचास, पण गेल्या पत्रात मी तेच केलं आणि तुझ्या डोक्यावरून गेलं. संचालिकाबाई परत आल्या होत्या. खोली त्या मे महिन्याच्या शेवटापर्यंत माझ्यासाठी धरून ठेवतील, पुढे नाही. त्यांच्याकडे बरीच मोठी यादी असते म्हणे लोकांची. मी त्यांना सांगितलंय की भावाचं उत्तर आलं की हो किंवा नाही सांगेन.

तेव्हा मे संपायच्या आत काय ते कळव. काय कळवायचं ते तुला समजलंय. मी कोणाच्या गळ्यात पडणार नाही, तू नाही म्हणालास तरी मी काही तोंड फुगवून बसणार नाही. पण कळव.

तुझी,
ताई

१२ जून

चि. ठोंब्या,

आशीर्वाद.

मी वाट पाहिली. एप्रिलभर पोस्टमनच्या तोंडाकडे बघत होते, शेवटी शेवटी तो लांबूनच मान हलवायचा, म्हणजे मला विचारावं लागू नये. मेच्या शेवटच्या आठवड्यात संचालिकाबाई आल्या तेव्हा मी म्हटलं, येते.

परवा इकडे आले. नवा पत्ता मागे लिहिला आहे. खोली स्वच्छ आहे, पलंग, कपाट, खुर्ची, खिडकीतून पार्किंग दिसतं. मशीन खालच्या हॉलमध्ये ठेवलंय. दुकानाची पाटी मालकांच्या मुलानं काढून दिली आणि "ही ठेवून घेऊ का" म्हणाला. मी म्हटलं, ठेव.

तुझ्यावर रागावलेली नाही. तुला अडचण असणार. नाही म्हणणं तुला लहानपणापासून जमत नाही, तू आपला गप्प बसतोस आणि समोरच्याला ओळखू देतोस. ओळखलं. फक्त एक ओळ लिहिली असतीस तर बरं झालं असतं. तेवढंच.

मी इथे मजेत आहे. काळजी करू नकोस.

तुझी,
ताई

२४ जून

ताई,

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि मला काही कळेना. एक ओळ? मी तुला अख्खी मेल लिहिली होती. बारा एप्रिलला. तुझं पत्र हातात पडलं त्याच संध्याकाळी ऑफिसातच थांबलो आणि लिहिली. पत्रानं दहा-बारा दिवस गेले असते, तुझा जीव टांगणीला लागला असता, म्हणून मेलच केली. आणि माझ्या साध्या पत्त्यावरून नाही, कंपनीच्या यंत्रणेतून केली, कारण तिथे तू उघडलीस का ते मला दिसतं. चार लाखांतून सगळी नावं काढून एकट्या तुझ्या नावाची लिस्ट केली. यंत्रणेनं दोनदा विचारलं, एकाच माणसाला पाठवायची, नक्की ना? मी म्हटलं नक्की.

त्यात काय लिहिलं होतं ते तुला माहीतच आहे. ये म्हणून लिहिलं होतं. उशा परत पाठवतोय, खिडकी उघडून घेतोय, मशीन तिथेच लागेल, न्यायला मी येतो, फक्त हो म्हण.

तू ती उघडलीस. मिनिटाभरात. मी समोर बसून होतो.

मग मी थांबलो. ताईला घाई केलेली आवडत नाही, घर सोडायचं म्हणजे विचार करू दे. आठवडाभरानं एकदा फोन केला, नुसता वाजत राहिला, ऐकू आला नसेल म्हटलं. दर मंगळवारी, दर शुक्रवारी तू उघडत होतीस. म्हणजे रागावलेली नाही. म्हणजे वाचते आहे, विचार करते आहे. तोवर मी खोलीला रंग काढला. न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतला. दरवाजाची घंटा वाजली की दिवा लागतो असं एक यंत्र मिळतं, तेही लावलं, म्हणजे कोणी आलेलं तुला ऐकू नाही आलं तरी दिसेल. मे संपला. माझ्या मनात आलं, तिला नको असेल. मी आहे कोण तिच्या आयुष्यात, वर्षातून चार पत्रं टाकणारा. तेव्हा मीही गप्प बसलो, हे खरं आहे.

नको होतं तर नको म्हणायचंस. पण वाचून, उघडून, तू मला विचारतेस की ओळ का लिहिली नाहीस? असं का केलंस ताई?

ठोंब्या

६ जुलै

ठोंब्या,

कसली मेल?

आता शांतपणे ऐक, मीही शांतपणे लिहिते आहे, हे दुसरा कागद घेऊन लिहिलेलं आहे, पहिला फाडला.

तू दिलेला मोबाइल दुकानात बटणांच्या खणात असायचा. तू म्हणाला होतास चार्जिंग संपू देऊ नकोस, म्हणून वायर लावून खण अर्धा उघडा ठेवायचे. रिचार्ज तू करायचास, त्यामुळे तो कधी बंद पडला नाही. मी त्याला हात लावत नसे. माझ्या बोटांना काच ओळखत नाही, सुईनं टोचून टोचून ती निबर झालीत. मी तुझी एकही मेल उघडलेली नाही. एकही नाही. दीड वर्षात.

मग वाचते म्हणून का लिहिलं? तू इतक्या हौसेनं लिहिलं होतंस, भक्त म्हणालास, मिनिटाभरात उघडतेस म्हणालास, मला वाटलं तू माझी थट्टा करतोयस, किंवा कोणाची तरी चूक झालीय आणि त्यात तू खूश आहेस. तुझा आनंद मोडवेना. त्या उशीच्या वाक्याचं तर तू पत्रातच सांगितलं होतंस, ओळखायला काय लागतं.

तुझं पत्र आल्यावर फोन घेऊन खाली ऑफिसात गेले. इथली हिशेबनीस चांगली मुलगी आहे. तिनं उघडून बघितलं आणि म्हणाली, आजी, यात सगळ्या गाद्याच आहेत. बोटानं वर वर सरकवत गेली, गादी, गादी, उशी, गादी. म्हणाली, यांना फोननं जाहिरातींच्या वेगळ्या कप्प्यात टाकलंय. एप्रिलमध्ये येऊन थांबली. तुझी मेल "उन्हाळी सवलत" आणि "पाठदुखीला रामराम" यांच्या मधोमध होती. वरती तेच झोपलेल्या बाईचं चित्र. मी तिला म्हटलं, वाच. ती माझ्या कानाशी तोंड आणून वाचायला लागली, मला ऐकू येईना, मग आवाज चढवला. "ताई, ये. खोली रिकामी करतोय. तू आलीस की मला घरी जायला कारण मिळेल." ऑफिसात दोन माणसं पैसे भरायला आली होती, ती बघत राहिली. ती मुलगी वाचता वाचता खालपर्यंत गेली आणि थांबली. मी म्हटलं, थांबलीस का, सगळं वाच. तर म्हणाली, आजी, पुढे एवढंच आहे, "अशा मेल नको असल्यास इथे दाबा."

मी तिला दाबू दिलं नाही.

ठोंब्या, हे कागदावर लिहिलं असतंस तर मी त्याच आठवड्यात आले असते. तू न्यायला यायची वाटही बघितली नसती. आता मी इथे शब्द दिलाय. बाईंनी माझ्यासाठी खोली धरून ठेवली, दुसऱ्या कोणाला तरी नाही म्हणाल्या. महिनाभरात पाठ फिरवून निघणं बरं दिसत नाही. मी मजेत आहे. जेवण वेळेवर मिळतं. तेव्हा झालं ते झालं, तू मनाला लावून घेऊ नकोस.

पण मला एक सांग. मी उघडत नव्हते, तर उघडत कोण होतं?

ताई

१९ जुलै

ताई,

कोणीच नाही.

शेजारच्या हेडफोनवाल्याला विचारलं. दोन वर्षांत त्याच्याशी माझं हे पहिलंच धड बोलणं. त्यानं कानावरून हेडफोन काढून गळ्यात ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी भलतंच काही विचारतोय. हल्लीचे बरेच फोन आलेली मेल स्वतःच उघडून ठेवतात. माणसानं बघो न बघो, फोन खणात असो नाहीतर गादीखाली. आमच्या रिपोर्टात ते "उघडली" म्हणूनच येतं. तो म्हणाला, "उघडलेल्या कशाला मोजता, आतल्या बटणावर किती वेळा बोट लागलं ते बघा." मी तुझ्या नावापुढे बघितलं. दीड वर्षात एकदाही नाही.

आणि आता जे लिहितोय ते त्याला बोललो नाही, तुला सांगतो. हे मला माहीत होतं. मागच्या वर्षी साहेबांपुढे मीच उभा राहून सांगितलं होतं की हा आकडा खोटा आहे, निम्मे लोक आपल्या मेल बघतही नाहीत, त्यांचे फोन बघतात. फळ्यावर चित्र काढून सांगितलं होतं. साहेब म्हणाले, असू दे, आकडा बरा दिसतो. चार लाखांच्या बाबतीत मला पक्कं ठाऊक होतं. तुझ्या एका नावाच्या बाबतीत मात्र हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही. शिरू दिलं नाही. मंगळवारी सकाळी "उघडली" दिसायचं, मला बरं वाटायचं, आणि मी पत्र लिहायला घेतलेलं बाजूला ठेवायचो. ताई ठीक आहे, आत्ताच तर बघितलं.

काल तुझं नाव लिस्टमधून काढलं. काढताना यंत्रणा कारण विचारते. "फार मेल येतात", "आता रस नाही", "चुकून नोंद झाली", असं चार-पाच ठरलेलं असतं, त्यातलं एक निवडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मी ती सगळी पुन्हा एकदा वाचली आणि "इतर" दाबलं. आज शुक्रवार. मेल गेली. सवयीनं तुझं नाव शोधलं आणि ते नव्हतं. तू उठलीस का, कुठे बसली आहेस, चष्मा कुठे आहे, मला काही माहीत नाही. मग लक्षात आलं की कालही माहीत नव्हतं, परवाही नव्हतं.

तू दोन पत्रांत लिहिलंस, मजेत आहे. मी त्यावर विश्वास ठेवून हे पत्र इथेच संपवू शकतो. पण मी तुला किती ओळखतो याबद्दल आता माझी मलाच खात्री राहिलेली नाही. मी चार लाख लोकांची आठवड्यातून दोनदा विचारपूस करतो. तुझ्या बाबतीत मला सगळं कळतंच असं धरून चाललो, आणि आजवर एका पत्रात तुला साधं विचारलं नाही. म्हणून आता विचारतो.

ताई, कशी आहेस?

तुझा,
ठोंब्या

३० जुलै

ठोंब्या,

तू विचारलंस म्हणून सांगते. न विचारता सांगितलं नसतं, माझा स्वभाव तुला माहीत आहे.

बरी नाही. आजारी नाही, दुखत खुपत काही नाही, डॉक्टर दर सोमवारी येऊन नाडी बघतात आणि ठणठणीत म्हणतात. इथली माणसं चांगली आहेत. अंगणात बायका खुर्च्या मांडून बसतात, पहिल्या दिवशी मलाही बोलावलं. त्या बोलतात, मला ऐकू येत नाही. त्या हसल्या की मीही हसते, मग एकदा कोणाच्या तरी नवऱ्याच्या शेवटच्या आजारपणाचं चाललं होतं आणि मी हसले. त्यानंतर त्या मला हात करतात, पण खुर्ची मांडत नाहीत. मी त्यांना दोष देत नाही. त्यांना काय माहीत.

मशीन हॉलमध्ये आहे, पण त्याचा आवाज होतो म्हणून दुपारी चालवायचं नाही, सकाळी प्रार्थना असते, संध्याकाळी टीव्ही असतो. मग त्याच्यावर चादर घातली. दुकानात मी दिवसभर एकटीच असायचे, पण कोणीतरी दार ढकलून येईल असं वाटायचं. इथे माझ्याकडे कोण येणार हे सकाळीच माहीत असतं. कोणी नाही.

मजेत आहे असं लिहिलं, कारण तुला वाईट वाटू नये. आणि थोडं असंही होतं की तू लिहिलं नाहीस तर मीही कशाला सांगू. तूही गप्प, मीही गप्प. आईच्या दोन्ही पोरांचं डोकं सारखंच चालतं.

बरं दिसत नाही म्हणाले होते ना, ते सोड. मी काल बाईंकडे गेले. वाटलं होतं, मनाला लावून घेतील. त्यांनी माझ्याकडे बघितलं, एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं, "तुम्ही आनंदात नाही हे मला दिसतं," आणि कागद माझ्यापुढे सरकवला. मला रडू आलं. त्यांच्यासमोरच आलं, लाज वाटली, पण आलं. त्यांच्याकडे वाट बघणारं कोणीतरी आहे, त्या म्हणाल्या, सांगा कधी निघता.

कधी ते मला सांगता येईना.

तू या पत्राला उत्तर लिहीत बसू नकोस. ये.

ताई